किपरची पाठवणी

रोगार्ट, सदरलंड
९ मार्च १९७८

एफी,

अक्षर ओळखलंस तर बरं. नाही ओळखलंस तर आधी शेवटची सही वाच आणि मग हे पत्र चुलीत घालायचं की नाही ते ठरव. नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिली नाहीस. फिटंफाट.

काम असं आहे. माझ्या शेजाऱ्याकडे लॅब्राडोरचा एक नर आहे, नऊ महिन्यांचा. धुरी दिलेल्या हेरिंग माशाच्या रंगाचा, म्हणून नाव किपर. छाती रुंद आहे. तोंड इतकं मऊ की कोंबडीचं अंडं न फोडता आणून देतो. नाक असं की काल कुठून ससा गेला ते आज सांगेल. पण शेजाऱ्याच्यानं त्याला वळण लावणं होत नाही. पाण्याच्या बाजूला सुटला की सुटलाच. शिकारीत बंदुकीमागे काम करायला, पडलेले पक्षी आणायला शिकवण्यासाठी त्याला बाहेर कुठे पाठवावा का, असा शेजाऱ्याचा विचार चाललाय. मला विचारलं. मी काय सांगणार, मी त्या धंद्यातला नाही. तू आहेस.

किती दिवस ठेवून घेतेस, कसं शिकवतेस, हात उगारतेस का, एवढं कळव. मी त्याला सांगतो.

मर्डो मॅथेसन


बर्नफूट, डंकेल्ड
१५ मार्च १९७८

मिस्टर मॅथेसन,

पत्र चुलीत घातलं नाही. दोनदा वाचलं आणि खिडकीत ठेवलं.

'त्या धंद्यातला नाही' हे वाचून मात्र हसू आलं. पर्थच्या प्रदर्शनात, चहाच्या तंबूत, शिकारीची रानं राखणाऱ्या डझनभर रखवालदारांच्या देखत तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे. 'पोर दुसऱ्याच्या घरी वाढवायला टाकायचं आणि वर त्यानं आपल्याला बाप म्हणावं अशी आशा धरायची! आणि आमची एफी लॉर्नी मधल्यामध्ये दाई!' पाच वर्षं तुमच्या हाताखाली कुत्र्यांच्या खोल्या धुतल्या, त्यावर तुमचा हा आशीर्वाद. असो.

शेजाऱ्याला सांगा, बारा आठवडे लागतात. पहिला महिना मालकानं भेटायला यायचं नाही. मी मारत नाही. तुम्हीच तसं शिकवलंत. पण हेही सांगा की मालकाच्या अंगात दम असेल तर कुत्रा पाठवू नये, स्वतः शिकवावा. हे मी सगळ्यांनाच सांगते. माझ्या धंद्याला ते बरं नाही.

आणि हा शेजारी तरी कोण? मी होते तेव्हा तुमचा सगळ्यात जवळचा शेजार म्हणजे साडेतीन मैलांवरच्या मिसेस ग्रे, आणि कुत्रं दिसलं की त्यांना शिंका यायच्या. शिवाय शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाक तुम्हाला इतकं बारीक ठाऊक? तुम्ही फोन का नाही करत? नंबर वर छापलाय. तुमचा आवाज म्हणजे तारेशिवायही डंकेल्डपर्यंत ऐकू येईल.

एफी


रोगार्ट
२४ मार्च

एफी,

शेजारी नाही. कुत्रा माझा आहे. मी निवृत्त झालो तेव्हा इस्टेटची माणसं घड्याळ देणार होती. मी म्हटलं, वेळ बघून मी आता काय करू, त्यापेक्षा पिल्लू द्या. दिलं.

खोटं लिहिलं कारण तुला लाज न वाटता विचारायचं दुसरं काही सुचलं नाही. आता विचारतो. गुडघे गेलेत. हेदरच्या झुडपांतून दिवसभर चालवत नाही. कुत्र्याला वर्ष व्हायच्या आत शिकवलं नाही तर पुढे त्याचं बसणं-उठणं पक्कं होत नाही, हे तुला मी सांगायला नको. गुणी जनावर आहे. माझ्यापायी वाया जाऊ नये.

पण पाठवायचं म्हटलं की मन घेत नाही. रोज सकाळी ओटची पेज ढवळताना ठरवतो की पाठवायचं, आणि तो येऊन पावलावर हनुवटी टेकून बसला की बेत मोडतो. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली. घरात मी आणि तो, एवढेच.

तुझ्याकडे तो झोपणार कुठे? एकटा की चार जणांत? त्याच्याशी बोलणार कोण, तू की एखादा गडी? हे आधी कळव.

फोन मला आवडत नाही.

मर्डो


बर्नफूट
२ एप्रिल

मिस्टर मॅथेसन,

चला, शेजारी वारला म्हणायचा. देव त्याचं भलं करो.

किपर झोपेल माझ्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. रात्री चुलीची ऊब भिंतीतून येते. शेजारी मेग नावाची म्हातारी कुत्री आहे, ती कोणालाच त्रास देत नाही. बोलणारी मीच. गडी फक्त लाकडं फोडतो.

आता मोकळेपणानं सांगते. गुडघ्यांचं कारण मला पटलं नाही. मोडका पाय घेऊन कुबडीवर उभं राहून तुम्ही त्या जुन्या रोरी कुत्र्याला शिकवलेलं मी बघितलंय. जागचे हलला नव्हतात. नुसत्या शिट्टीवर आणि घशावर शिकवलंत. मला वाटतं, बाई गेल्यापासून तुमचं मन उडालंय आणि त्याला तुम्ही गुडघे म्हणताय. तसं असेल तर कुत्रा पाठवून घर आणखी रिकामं होईल. हट्टानं चार महिने स्वतः शिकवा. नाही जमलं तर मी आहेच.

एफी


रोगार्ट
११ एप्रिल

एफी,

तुझा सल्ला वाचला. पाठवतोय.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं गार्डच्या डब्यात बसवतो, इन्व्हरनेसला गार्ड दुसऱ्या गाडीत चढवून देईल. डंकेल्डला दुपारी पोहोचेल. गळ्यात चिठ्ठी आहे. सोबत त्याचं जुनं कांबळं देतोय, ते धुवू नकोस. सकाळी अर्धा वाडगा, संध्याकाळी एक. ओटच्या पेजेत माशाचं पाणी घातलं तर पटकन खातो. डाव्या कानात कधी कधी मळ होतो. मेंढ्यांना घाबरत नाही, हंसाला घाबरतो. दार उघडं असलं तरी सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. गाडीत उलटी करेल.

मारत नाहीस हे लिहिलंस, पुन्हा विचारत नाही.

मर्डो


बर्नफूट
२० एप्रिल

मिस्टर मॅथेसन,

किपर सुखरूप पोहोचला. उलटी केली नाही. जनावर तुम्ही म्हणता त्याहून देखणं आहे. छान रुळलाय, खातोपितो आहे, मेगशी गट्टी जमली आहे. काम सुरू केलंय. काळजी नसावी.

एफी


रोगार्ट
२७ एप्रिल

एफी,

पत्र पोहोचलं. बरं झालं.

तीन दिवसांत खायला लागला आणि गट्टीही जमली, म्हणजे त्याला जागा मानवली. चार-पाच दिवस विचार केला. तो तिकडे सुखी असेल तर बारा आठवड्यांनी त्याला परत इकडे ओढून आणायचा कशाला? शिकवून झाला की चांगलं घर बघून दे. चालता-बोलता माणूस असलेलं घर. तुझ्यावर सोडतो. मला परत विचारू नकोस, नाहीतर नको म्हणेन.

कांबळं मात्र पाठव.

मर्डो


बर्नफूट
४ मे

मिस्टर मॅथेसन,

मी तुम्हाला खोटं लिहिलं.

किपर रुळला नव्हता. ज्या दिवशी ते पत्र लिहिलं त्या दिवशी त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पेज, माशाचं पाणी, कलेजी, माझ्या ताटातला मटणाचा तुकडा, कशाला तोंड लावलं नाही. कांबळ्यावर दाराकडे तोंड करून पडून राहायचा. मी हाक मारली की कान हलायचा, बाकी काही नाही. शिट्टी वाजवली की खोलीत दुसरंच कोणी वाजवतंय तसा इकडेतिकडे बघायचा. मला वाटलं, बहिरा आहे. मागे जाऊन पातेलं आपटलं, तर हातभर उडाला. बहिरा नाही.

सतरा वर्षं हे काम करते. कुत्रं जेवत नाही हे जगात कोणालाही लिहिलं असतं, तुम्हाला नाही. तंबूतल्या त्या माणसासमोर मला हरायचं नव्हतं. त्यापायी तुम्ही तुमचा कुत्रा देऊन टाकायला निघालात. पुढचं वाचाल तेव्हा माझ्यावर चिडा, आधी नको.

शुक्रवारी माझी दाढ काढली. जबडा सुजून भोपळा झाला, तोंडात कापसाचा बोळा. बोलता येईना, शिट्टी तर लांबच. तशीच दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कुत्र्यांना माळावर सोडायला गेले. किपरला मुद्दाम ओढत नेलं, निदान उन्हात पडेल म्हणून. फाटकाशी गाय आली म्हणून मी नुसता हात वर केला, गायीला थोपवायला. ऐंशी पावलांवर किपर खाली बसला. दगड ठेवल्यासारखा. माझ्या हातावर डोळे.

मी हात खाली घेतला, मांडीवर थाप मारली. सुसाट आला आणि डाव्या पायाशी बसला. मग मी वेड्यासारखी सगळं करून बघितलं. उजवा हात लांब केला तर उजवीकडे गेला. डावा केला तर डावीकडे. तळवा पुढे ढकलला तर मागे मागे जात थेट भिंतीपर्यंत. कापडी पिशवी गवतात टाकली, बोट दाखवलं, आणून हातात दिली. घरी आल्यावर वाडगा खाली ठेवला आणि बोट दाखवलं. चाटून पुसून खाल्लं. माझा जबडा ठणकत होता आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून कापसातून हसत होते.

एवढ्या सूचना लिहिल्यात, कानातल्या मळापासून हंसापर्यंत, आणि ही एक गोष्ट लिहिली नाहीत. जनावर दहा दिवस उपाशी राहिलं. याचा मला राग आहे.

हा कुत्रा बोलत्या माणसानं वाढवलेला नाही. मिस्टर मॅथेसन, तुमच्या आवाजाला काय झालंय?

एफी


रोगार्ट
१० मे

एफी,

राग बरोबर आहे. उपाशी राहिला हे वाचून मी बाहेर जाऊन लाकडं फोडली.

आवाज नाही. गेल्या ऑक्टोबरात इन्व्हरनेसच्या इस्पितळात घशातली आवाजाची पेटी काढली. गाठ होती. डॉक्टर म्हणतात सगळी निघाली. मानेला खाली भोक आहे, त्यातून श्वास घेतो. तोंडातून फुंकर म्हणून येत नाही, मग शिट्टी कुठून वाजवू? मफलर बांधून हिंडतो. दुकानात वहीत लिहून दाखवतो. मिसेस ग्रे आता माझ्याशी ओरडून बोलतात, जणू कान गेलेत. इस्पितळातली एक मुलगी वारा गिळून, ढेकर काढून बोलायला शिकवते. दोनदा गेलो, मग गेलो नाही. साठी उलटलेल्या माणसानं एका पोरीसमोर ढेकरा काढायच्या!

मी कुत्र्याला काही शिकवलं नाही. हे खरं सांगतो. इस्पितळातून आलो तेव्हा तो पाच महिन्यांचा होता आणि मला घर चालवायचं होतं. हात वर केला की थांब, मांडीवर थाप मारली की ये, नाहीतर दुधाच्या किटल्या सांडायच्या. त्याला शिकवणं म्हणतात हे तुझ्या पत्रावरून कळलं. मला वाटत होतं, नुसतं खुणांवर निभावतोय.

पाठवायचं का ठरवलं तेही सांगतो. फेब्रुवारीत तळं गोठलं होतं. बदकं उतरली आणि हा त्यांच्यामागे बर्फावर धावला. मधे बर्फ पातळ, ते मला काठावरून दिसत होतं. त्याची पाठ माझ्याकडे. मी दोन्ही हात हलवले, उड्या मारल्या, काठीनं पत्र्याची बादली बडवली, वारा उलटा होता. तोंड उघडून ओरडलो सुद्धा, सवयीनं. तो माझ्या डोळ्यांदेखत आत गेला. मी पोटावर सरपटत निम्म्यापर्यंत पोहोचलो तेव्हा तो आपला आपण वर चढला होता. अंग झाडून माझ्याकडे आला. मी तिथेच बर्फावर पडून राहिलो. ज्याला हाक मारता येत नाही त्यानं कुत्रा पाळू नये, असं तेव्हा ठरवलं.

तुला का नाही कळवलं ते विचारशील. इथे सगळ्यांनी मला मफलरमध्ये बघितलंय. तू लिहिलंस की माझा आवाज तारेशिवाय डंकेल्डपर्यंत येईल. तो तसाच असलेली तेवढी एकच जागा राहिली होती. ती पण घालवायची नव्हती.

मर्डो

तंबूत बोललो ते चुकीचं होतं. बाराही जणांनी ऐकलं होतं, त्यांना एकेकाला लिही म्हणालीस तर लिहीन.


बर्नफूट
१६ मे

मिस्टर मॅथेसन,

बारा जणांतले चार आता वर गेले. उरलेल्यांना लिहू नका, तुमचं अक्षर कोणाला लागत नाही.

पत्र वाचून मी बराच वेळ मेगजवळ बसले. ते झाल्यावर विचार केला, तो सांगते.

कुत्रा पाठ करून धावत सुटला तर हात कामाचे नाहीत, हे खरं. पण धावता धावता त्यानं आपणहून वळून बघायचं, हे शिकवता येतं. दर पन्नास-साठ पावलांनी, आणि प्रत्येक बांधावर, ओढ्यावर, भिंतीवर चढला की. बघायचं, हात वाचायचा, मग पुढे. वळला की कौतुक, नाही वळला की खेळ बंद. गेल्या आठवड्यात सुरुवात केली, तर तो वळतो. पण मला बघतो आणि पुन्हा फाटकाकडे बघतो. तो कोणाला शोधतोय ते मला कळतं. त्यानं वळून मला बघून काय उपयोग? शेवटी तिथे तुम्ही असणार.

म्हणजे हा कुत्रा पाठवून शिकणारच नाही. तुमचं तंबूतलं म्हणणं त्याच्यापुरतं खरं ठरलं. समाधान माना. बाकीच्या बावीस कुत्र्यांपुरतं माझं खरं आहे.

तुम्ही या. वरची खोली रिकामी आहे. तीन आठवडे. आमच्याकडे सगळे कुत्र्यांकडे बघतात, माणसाच्या मफलरकडे बघायला कोणाला वेळ नाही. जेवण मऊ लागत असेल तर तसं करीन.

यायचं नसेल तर पत्र लिहा. यायचं असेल तर लिहू नका, मंगळवारच्या दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर असेन. या मंगळवारी नाही आलात तर पुढच्या.

एफी


रोगार्ट
२० नोव्हेंबर १९७८

एफी,

जूनअखेर तुझ्याकडून किपरला घेऊन परतलो, त्यानंतर तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही झालं नाही, आणि जे झालं ते तू बघितलंसच. तिसऱ्या मंगळवारी डब्यातून उतरताना मला अजून वाटत होतं की तशीच परतीची गाडी धरावी. तू मफलरकडे बघितलंस, सरळ म्हणालीस, 'हे लोकरीचं टोचत नाही का?' आणि माझी पिशवी उचललीस. पुढचं सोपं गेलं. किपरनं मला चिखलात पाडलं तेव्हा तू आणि तुझा लाकूडतोड्या दोघंही हसलात, त्याबद्दल मात्र कोट धुवून द्यायला हवा होतास.

आता बातमी. ११ तारखेला, शनिवारी, वरच्या खोऱ्यातल्या शिकारीत आम्हाला बोलावलं. इस्टेटीवरचा नवा रखवालदार, कॅलम, चांगला पोरगा आहे, विचारायला स्वतः दारात आला. सहा बंदूकवाले. त्यांत एडिनबराचा एक वकील. त्याच्याबरोबर एक लठ्ठ स्पॅनियल कुत्री, पोर्शिया. सकाळपासून तो तिच्यावर ओरडतोय. 'पोर्शिया बस, पोर्शिया ये, पोर्शिया मूर्ख कुठली!' ती बिचारी आवाजाचा पाऊस पडतोय म्हणून मान खाली घालून हिंडत होती.

दुपारच्या शेवटच्या हाक्यात वकिलाच्या छऱ्यांनी फेझंट पक्ष्याची मादी पंखात जखमी होऊन ओढ्यापलीकडे पडली आणि पायांवर पळत नेच्याच्या रानात शिरली. पोर्शिया उलट्या दिशेला गेली. कॅलमनं माझ्याकडे बघितलं. मी किपरला सोडला.

ओढा ओलांडला, पलीकडच्या दगडी भिंतीवर चढला आणि तिथे थांबून वळला. सगळ्या लोकांतून मला शोधलं. मी हात पुढे केला. उडी मारली ती पलीकडे, दिसेनासा. नेचे माणसाच्या छातीइतके उंच आणि सगळे तांबूस, त्याच्याच रंगाचे. पाच मिनिटं गेली. सूप आलं तशी माणसं गाडीकडे वळली. वकील माझ्याजवळ येऊन म्हणाला, 'अहो, हाक मारा ना त्याला, थंडी वाजतेय.' मी मफलर जरा खाली ओढला. तो लाल झाला आणि टोपी काढून तिथेच उभा राहिला, सूप सोडून. ते मला आवडलं.

एफी, पन्नास वर्षं मी कुत्र्यांची वाट बघितली, पण दर वेळी तोंडात शिट्टी होती. हातात काहीच नसताना वाट बघणं वेगळं. अकरा मिनिटं मोजली.

तो भलत्याच बाजूनं आला, खालच्या फाटकाकडून, चिखलानं माखलेला. मादी तोंडात, मान वर, डोळे उघडे, एक पीस विस्कटलेलं नाही. माझ्या हातात दिली. मला काहीतरी म्हणायचं होतं. इस्पितळातल्या त्या पोरीनं शिकवल्याप्रमाणे वारा गिळला, आणि जे बाहेर आलं ते शब्द होता की नुसतीच ढेकर, मला माहीत नाही. किपरनं शेपटी हलवली. त्यामुळे बुधवारी मी पुन्हा तिच्याकडे जाऊन आलो. पुढच्या बुधवारीही जाईन.

मग वकील विचारतो, 'कुठे शिकवायला पाठवला होतात?' आता याला एवढं सगळं वहीत कुठे लिहीत बसू? मी तुझं नाव आणि पत्ता लिहून दिला. तो या महिन्याअखेरीस पोर्शियाला घेऊन येईल. माणूस वाईट नाही, पण जीभ क्षणभर टाळूला लागत नाही. तू असं कर. कुत्रीला राहू दे तशीच, तिच्यात काही खोट नाही. त्यालाच वरच्या खोलीत ठेव आणि आठ दिवस तोंड उघडू देऊ नकोस.

मर्डो